सेवाग्राम आश्रमातील स्वागत व कार्यालय-व्यवस्था

कार्यालयात येणाऱ्या अभ्यागतांची विचारपूस करणे, त्यांच्या भेटीची वेळ ठरविणे, दूरध्वनी घेणे आणि निरोप व टपाल योग्य व्यक्तीकडे पोहोचविणे, ही स्वागतकाची प्रमुख कामे होत. आधुनिक कार्यालयांत हा स्वतंत्र व सवेतन व्यवसाय झाला आहे. तथापि पूर्वी ही कामे बहुधा सचिव व कारकून यांच्याकडेच असत. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींच्या वास्तव्यकाळात (१९३६–४६) ती सेवाभावाने केली जात. या कामाचे महत्त्व आणि त्यातील कष्ट या दोहोंची कल्पना तेथील व्यवस्थेवरून येते.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधी १९३४ मध्ये वर्ध्यास आले व पुढे काही काळ मगनवाडीत राहिले. ३० एप्रिल १९३६ रोजी ते वर्ध्यापासून सु. ८ किमी. वरील सेगाव या खेड्यात राहावयास गेले. एकांतात ग्रामसेवा करावी, हा त्यांचा उद्देश होता. परंतु देशातील राजकीय घडामोडींचे केंद्रच त्यांच्यामागोमाग तेथे आले. त्यामुळे स्वागताची व्यवस्था दोन ठिकाणी विभागली गेली. काँग्रेसच्या नेत्यांचा मुक्काम बहुधा वर्ध्यात बजाज यांच्या बजाजवाडीतील अतिथिगृहात असे; प्रत्यक्ष भेटीसाठी मात्र सेगावची वाट धरावी लागे.

टपालाच्या बाबतीत एक वेगळीच अडचण उद्‌भवली. सेगाव आणि विदर्भातीलच शेगाव (जि. बुलढाणा) या नावांतील साम्यामुळे पत्रे चुकीच्या ठिकाणी जाऊ लागली. हा घोटाळा टाळण्यासाठी १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या कारकीर्दीत, गांधींशी तातडीने संपर्क साधता यावा म्हणून सरकारने आश्रमात दूरध्वनी बसविला. तो ज्या कार्यालयात होता, ती वास्तू आश्रमात जतन करण्यात आली आहे.

कार्यालयाचा मुख्य भार महादेव देसाई (१८९२–१९४२) यांच्यावर होता. १९१७ पासून ते गांधींचे सचिव होते. पत्रव्यवहार, मुलाखतींच्या नोंदी, अभ्यागतांशी बोलणे व हरिजन  साप्ताहिकाचे लेखन ही सर्व कामे ते करीत. प्यारेलाल व राजकुमारी अमृत कौर हे त्यांचे सहकारी होते. सोमवारी गांधींचे मौन असे; त्या दिवशी ते कागदावर लिहून उत्तरे देत. इतर दिवशी भेटींच्या वेळा काटेकोरपणे पाळल्या जात आणि काही भेटी सकाळ-संध्याकाळच्या फेरफटक्यातच उरकल्या जात.

अभ्यागतांत मोठे वैविध्य होते. ब्रिटिश राजकारणी लॉर्ड लोथियन जानेवारी १९३८ मध्ये सेगावला येऊन राहिले. अमेरिकन पत्रकार लुई फिशर जून १९४२ मध्ये आठवडाभर आश्रमात होते. त्यांना मुलाखतीसाठी रोज एक तास देण्यात आला. कुष्ठरोगाने ग्रस्त असलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री १९३९ च्या सुमारास आश्रयार्थ आले, तेव्हा त्यांनाही ठेवून घेण्यात आले. त्यांच्यासाठी कुटी उभारण्यात आली व गांधींनी स्वतः त्यांची शुश्रूषा केली. येणाऱ्याची योग्यता त्याच्या पदावरून ठरवावयाची नाही, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले. परंतु दार सर्वांना खुले ठेवावयाचे आणि एका व्यक्तीचा मर्यादित वेळही जपावयाचा, हा मेळ घालण्याचे काम सचिवांनाच करावे लागे.

त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागली. देसाई काही काळ मगनवाडीत राहत व वर्ध्याच्या कडक उन्हाळ्यातही सेगावला पायी ये-जा करीत. कधी ही फेरी दिवसातून दोनदा होई. १९३८ मध्ये अतिश्रमाने व रक्तदाबाच्या विकाराने त्यांची प्रकृती ढासळली. पुढे ऑगस्ट १९४२ मध्ये गांधींसह त्यांना अटक झाली आणि १५ ऑगस्ट रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सचिवपदाची धुरा प्यारेलाल यांनी सांभाळली. २५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधींनी सेवाग्राम सोडले. ते पुन्हा तेथे परतले नाहीत.

स्वागतकाच्या व्यवसायाला पुढे निश्चित वेळ, वेतन व कामाची वाटणी लाभली. सेवाग्रामच्या सचिवांना यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. मात्र अभ्यागताशी समभावाने वागणे, निरोप अचूक पोहोचविणे आणि दुसऱ्याच्या वेळेची कदर करणे, हे त्यांनी पाळलेले दंडक या व्यवसायात आजही मूलभूत मानले जातात.