नामदेवरायांची द्रौपदी नांदेडात

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका गावी सप्ताहात माझी कीर्तनसेवा होती, तेव्हाची गोष्ट सांगतो. त्याला आता बरीच वर्षे झाली. दृष्टांताला द्रौपदी घेतली होती. साड्यांचे रंग मोजण्यात मी तेव्हा कसर ठेवत नसे. पिवळी झाली, जांभळी झाली, अंजिरी झाली. टाळकरीही रंगले होते. कीर्तन संपले आणि मागच्या बाजूला बसलेले एक सरदारजी भेटायला आले. नांदेडचे, पण बोली अगदी आपल्याकडची. म्हणाले, "महाराज, ही द्रौपदी आमच्या ग्रंथसाहिबातबी हाय. तुमच्या नामदेवांनीच आणली."

मला भरून आले. मी म्हणालो, "मग तुम्ही आमचेच की!"

ते हसले. हात जोडून म्हणाले, "नामदेव आमचे हायेत, महाराज. पण त्यानं आम्ही वारकरी होत नाही."

बोलण्यात राग नव्हता, तरी ते मला लागले. चाळीस वर्षे मी नामदेवरायांचे अभंग गायलो, पण पंजाबात जपलेली त्यांची पदे कधी उघडून पाहिली नव्हती. आदरापोटी नाव घ्यायचे, पंजाबात भागवत धर्माची पताका नेली असे सांगायचे आणि पुढच्या चालीला लागायचे, एवढेच आम्ही करीत आलो. त्यानंतर मी देवनागरीत छापलेली ती पदे मिळवली आणि वाचायला बसलो.

मुळात द्रौपदी नांदेडला कोणत्या वाटेने आली, ते पाहा. नामदेवराय नरसीचे, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यातले. उत्तर आयुष्यात ते पंजाबात गेले आणि घुमान गावी राहिले, ही परंपरा आपण सगळे जाणतो. 1604 साली गुरू अर्जुनदेवांनी अमृतसरला आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवरायांची 61 पदे घेतली. पुढे 1708 साली गुरू गोविंदसिंग गोदाकाठी नांदेडला आले. देह ठेवण्यापूर्वी त्यांनी सांगितले की यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. म्हणजे नरसीहून निघालेली वाणी पंजाब फिरून साडेतीनशे वर्षांनी शेजारच्या नांदेडला परत आली, आणि इथेच तिला गुरुपद मिळाले. (ती पदे आपल्याच नामदेवांची की दुसऱ्या कोणाची, असा वाद काही अभ्यासक घालतात. मी त्यात पडत नाही. वाचताना मला तरी आवाज ओळखीचा वाटला.)

आता द्रौपदीचे पद. त्यात मगरीने धरलेला गजेंद्र आहे, दुःशासनाच्या सभेतली द्रौपदी आहे, गौतमाची अहल्या आहे. मी वाट पाहत होतो की आता साड्या येतील, रंग येतील. काहीच नाही! एका चरणात द्रौपदी वाचते आणि पद पुढे जाते. शेवटी येतात खुद्द नामदेवराय. मी हीन जातीचा, मीही शरण आलो आहे, एवढेच म्हणतात. तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्यांना कथा सांगायचीच नव्हती. गजेंद्र, द्रौपदी, अहल्या यांच्यामागे रांगेत ते स्वतः उभे राहिले. दुसऱ्या एका पदात रामाने तारलेले दगड आहेत, दासीपुत्र विदुर आहे, सुदामा आहे. आणखी एका पदात बारा योजने छत्राची सावली असलेला दुर्योधन आहे, ज्याचा देह शेवटी गिधाडांनी खाल्ला.

शीख धर्मात अवतारपूजा नाही. चक्र घेऊन धावलेला कृष्ण म्हणून ते मूर्ती पूजणार नाहीत. त्यांचा देव एक, निराकार. मग महाभारतातले त्यांच्या हाती काय राहते? हाक राहते, आणि ती ऐकणारा राहतो. आपल्याला हे अपुरे वाटेल, मलाही आधी वाटले. पण ज्या पदावर ते हे वाचतात ते पद आपल्या संताचे आहे, म्हणून त्यांचे वाचन परके म्हणून बाजूला सारता येत नाही.

गुरू गोविंदसिंगांच्या आनंदपूरच्या दरबारात महाभारत वेगळ्या कारणाने वाचले गेले. त्यांनी पदरी कवी ठेवले होते. त्यांपैकी अमृतराय नावाच्या कवीने सभापर्व लोकभाषेत आणले, हंसरामाने कर्णपर्व. (आपल्या मराठवाड्याचे, द्रौपदीवस्त्रहरणाच्या कटावाचे अमृतराय ते निराळे; हरिदासी कीर्तनकारांनी घोटाळा करू नये.) दसम ग्रंथातला रामावतार 1698 सालचा. त्याच ग्रंथातल्या कृष्णावतारात कवी म्हणतो की भागवताचा दशम स्कंध मी भाषेत केला तो धर्मयुद्धाच्या ओढीने, दुसरी वासना नाही. रामावताराच्या शेवटी तर तो सांगतो की राम आणि रहीम, पुराण आणि कुराण पुष्कळ काही सांगतात, मी त्यातले एकही मानत नाही, तुझेच पाय धरले. सगळे रामचरित्र सांगून झाल्यावर हे म्हणायचे! दसम ग्रंथात गुरूंचे स्वतःचे किती, यावर शिखांतही मतभेद आहेत. पण नांदेडच्या तख्तावर तो ग्रंथसाहिबाच्या सोबत ठेवलेला असतो.

हे वाचल्यावर सरदारजींचे बोलणे मला उमगले. ते आपल्या कथेच्या घरात येतात, बसतात, जेवतातही. पण घर आपल्या नावावर करून मागत नाहीत. मी मात्र पाहुण्याला पहिल्याच भेटीत घरजावई करायला निघालो होतो.

पुढे एकदा नांदेडला सचखंडात गेलो. डोक्याला रुमाल बांधून मागे बसलो. रागी पद गात होते, शब्द नीट कळत नव्हते. शेवटी नामदेवांचे नाव आले आणि माझा हात टाळासाठी पुढे गेला. टाळ कुठला तिथे? हात तसाच मांडीवर ठेवला.

त्यानंतर कीर्तनात द्रौपदी आली की मी साड्या मोजल्या नाहीत. काही गावांत श्रोत्यांना ते रुचले नाही, रंग का नाही म्हणून विचारलेही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून झाली नाही, ती कबूल करतो. त्याच 61 पदांत नामदेवराय एका पंडिताला म्हणतात की तुमचा रामचंद्रही मी येताना पाहिला, रावणाशी त्याचे भांडण झाले आणि घरची बायको गमावून बसला. पुढे म्हणतात की नामदेव त्याला भजतो ज्याला देऊळ नाही आणि मशीद नाही. रामनवमीला राम जन्माचे कीर्तन केलेल्या माझ्यासारख्याला हे गळ्याखाली उतरेना. पद वहीत उतरवून ठेवले होते. गळा शाबूत असेपर्यंत कितीतरी सप्ताह झाले, दर वेळी वही पिशवीत असे. पण ते पद मी कधी कीर्तनाला घेतले नाही.