सैमूरची लेकरे आणि चित्रांची पुस्तके

रेवदंड्याला लागून असलेले चौल अरब प्रवाशांच्या लिखाणात 'सैमूर' या नावाने येते. हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916च्या सुमारास, बगदादचा अल्-मसूदी या बंदरात आला. राज्य राष्ट्रकूटांचे होते. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले, इथेच लग्ने करून संसार थाटलेले सुमारे 10 हजार मुसलमान या गावी राहतात, असे त्याने नोंदवले. त्यांच्यासाठी वापरात असलेला एक शब्दही त्याने टिपून ठेवला : बयासिरा. हिंदच्या भूमीत जन्मलेली मुसलमानांची मुले, असा त्याचा अर्थ तो देतो. बाप कुठूनही आलेला असो, लेकराची ओळख जन्मभूमीवरून झाली. कोकणी मुसलमानाला आजही 'तुम्ही मूळचे कुठले?' असे विचारले जाते. त्याचे उत्तर अकराशे वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे.

पण ही गोष्ट ग्रंथांत आहे. ती बालवाडीतल्या चार वर्षांच्या मुलापर्यंत कशी पोहोचावी? त्या वयाला सनावळी कळत नाही, अक्षरही कळत नाही. चित्र मात्र कळते. युरोपात कोमेनियसने 1658 मध्ये मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक काढले, तेव्हापासून शिक्षणाला ही वाट ठाऊक आहे.

महाराष्ट्रात बालशिक्षणाची वाट ताराबाई मोडकांनी घातली. गिजुभाई बधेकांबरोबर 1926 मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. 1945 मध्ये बोर्डीच्या किनाऱ्यावर काम मांडले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मॉन्टेसरीची महागडी साधने गोरगरिबांच्या वस्तीत कोठून आणणार? ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, पाने हीच साधने केली. शाळा मुलांच्या अंगणात गेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द रुजला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. साधने अशी मुलाच्या परिसरातून आली. मग पुस्तकातली चित्रे कोणाच्या घरातून आली, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

अमेरिकेत हा प्रश्न 1965 मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी विचारला. तीन वर्षांत निघालेली 5206 बालपुस्तके त्यांनी तपासली; काळे मूल त्यांतल्या जेमतेम 6.7 टक्के पुस्तकांत दिसले. पुढे 1990 मध्ये रुडीन सिम्स बिशप यांनी सांगितले की पुस्तक मुलासाठी आरसाही असते आणि खिडकीही. आरशात ते स्वतःला पाहते, खिडकीतून शेजाऱ्याला. ज्या मुलाला आरसाच मिळत नाही, ते आपण मोजण्याजोगे नाही असे समजून बसते. ज्याला नुसता आरसाच मिळतो, त्याला जग आपल्याएवढेच वाटू लागते. नुकसान दोघांचेही होते.

मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारख्या पुस्तकांनी घरातला साधा दिवस हाच चित्रपुस्तकाचा विषय केला. हे मोठे काम आहे. राधाच्या शेजारचे घर रुखसानाचे असू शकते, हे काम मात्र अजून पुष्कळ बाकी आहे. मुसलमान मूल गोष्टीत येते ते बहुधा ईदच्या दिवशी, नवे कपडे घालून, शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन. प्रेमचंदांच्या 1933 सालच्या 'ईदगाह'मधला हमीद आपल्या सर्वांचा लाडका. दादीसाठी चिमटा घेणाऱ्या त्या पोराला विसरणे शक्य नाही. पण त्यालाही आपण भेटतो ते ईदलाच. त्याचा मंगळवार कसा जात असेल? सणापुरता दिसणारा माणूस पाहुणा वाटतो. जो रोज दिसतो, तो शेजारी होतो.

यात दोष एकट्या मराठी प्रकाशकांचा नाही. आपल्या घरात येणाऱ्या उर्दू कायद्यातही अलिफला अनार असते. कुंडलिकेच्या खाडीतली होडी नसते. तांदळाची भाकरी, सांदन, उन्हात वाळणारे बोंबील, नारळी-पोफळीची वाडी हे ज्या मुलाचे जग, त्याला दोन्ही भाषांची पुस्तके परकीच राहतात.

खरे तर रेवदंड्याएवढी चित्रांची खाण दुसरीकडे शोधूनही मिळणे कठीण. 1740 मध्ये मराठ्यांकडे आलेला पोर्तुगीजांचा कोट आहे. बेने इस्रायलांचे सिनेगॉग आहे. खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीजातून घडलेली, मराठीच्या शेजारात वाढलेली 'नो लिंग' बोलणारे ख्रिस्ती आहेत. 'नो लिंग' म्हणजे आमची भाषा. पंधराव्या शतकात चौलला उतरलेला रशियन अफानासी निकितिन स्वतःला खोजा युसूफ खोरासानी म्हणवून घेत हिंडला. त्याचे स्मारक रेवदंड्यात उभे आहे. इथे एका माणसाला एकच ओळख असावी, असा हट्ट इतिहासाने कधी धरला नाही.

असे पुस्तक करायला छापखानाही लागत नाही. बालवाडीच्या बाईंनी सगळ्या मुलांना एकच प्रश्न विचारावा : तुझ्या घरी भाकरी कोण भाजते? किंवा, रात्री गोष्ट कोण सांगते? जे सांगतील ते मोठ्या कागदावर काढावे, खाली एक ओळ लिहावी, पाने दोऱ्याने शिवावीत. एकाच मुलाला उभे करून 'तू आम्हाला ईदविषयी सांग' असे म्हणू नये. त्याने ते वर्गातच वेगळे पडते. प्रश्न सर्वांना सारखा असला की कुणाची अम्मी, कुणाची आई, कुणाची आजी एकाच पुस्तकात चुलीपुढे बसते.

मसूदीने सैमूरच्या लेकरांची नोंद बाहेरून येऊन केली. ती आता आतून व्हायला हवी. आपल्यातल्या लिहित्या आणि चितारत्या हातांनी कथा-कवितेबरोबर बत्तीस पानांचे एखादे चित्रपुस्तकही मनावर घ्यावे. मंगळवारचे, साध्या दिवसाचे.