निळ्या डोळ्यांची डुकरीण

दुसरे महायुद्ध शिकविताना वर्गातला एखादा विद्यार्थी दरवर्षी एक प्रश्न हटकून विचारतो. युद्ध इंग्लंडने जिंकले ना? मग जिंकलेल्या देशात पावावर रेशन का आले? लढाई चालू असताना जो पाव दुकानात हवा तेवढा मिळत होता, तो शांतता नांदू लागल्यावर मोजून का मिळू लागला? पाठ्यपुस्तकात याचे उत्तर एका ओळीत उरकलेले असते, आणि त्या ओळीने पोराचे समाधान होत नाही. खरे सांगायचे तर माझेही होत नव्हते. तो काळ मला जवळून दिसला तो एका इंग्रजी संगीत नाटकामुळे. त्या नाटकाची नायिका एक डुकरीण आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी नाक मुरडावयास नको.

नाटकाचे नाव 'बेटी ब्लू आइज'. १३ एप्रिल २०११ रोजी लंडनच्या नॉव्हेलो थिएटरमध्ये त्याचा अधिकृत शुभारंभ झाला. निर्माते कॅमेरॉन मॅकिंटॉश, दिग्दर्शक रिचर्ड आयर, संगीत जॉर्ज स्टाइल्स यांचे आणि पदे अँथनी ड्रू यांची. संहिता मात्र रॉन कोवेन आणि डॅनियल लिपमन या दोघा अमेरिकनांनी बांधली. रंगमंचावरची डुकरीण यंत्राची होती. तिला आवाज दिला होता कायली मिनोग या प्रसिद्ध गायिकेने. मी हे नाटक रंगभूमीवर पाहिलेले नाही. त्याच्या पदांचे ध्वनिमुद्रण ऐकले आणि ज्या चित्रपटावरून ते बेतले तो चित्रपट दोनदा पाहिला.

तो चित्रपट म्हणजे १९८४ चा 'ए प्रायव्हेट फंक्शन', म्हणजे 'एक खाजगी समारंभ'. दिग्दर्शन माल्कम मोब्रे यांचे, पटकथा अ‍ॅलन बेनेट यांची. बेनेट १९३४ साली यॉर्कशायरमधील लीड्स या शहरी जन्मले आणि त्यांचे वडील व्यवसायाने खाटीक होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रेशनच्या दिवसांत गल्लीतल्या खाटिकाएवढा मानाचा आणि तितकाच संशयाचा धनी दुसरा कोण असणार? गिऱ्हाईक त्याच्या काट्याकडे टक लावून पाही, आणि काउंटरखालून कोणाला काय जाते याचीही नजर ठेवी. १९४७ साली बेनेट तेरा वर्षांचे होते. त्या वयाचा मुलगा बोलत नसला तरी पाहत सारे असतो.

कथा अशी. यॉर्कशायरमधील एक लहानसे गाव, साल १९४७. राजकन्या एलिझाबेथचा विवाह २० नोव्हेंबरला ठरलेला आहे. त्यानिमित्त गावातील डॉक्टर, वकील, हिशेबनीस अशी बडी मंडळी एक मेजवानी योजतात, आणि तिच्यासाठी एका शेतावर सरकारच्या चोरून एक डुकरीण पोसतात. गिल्बर्ट चिल्व्हर्स हा पायांची कुरूपे काढणारा साधा भला माणूस. त्याला बाजारपेठेत दुकान हवे आहे, आणि ते त्याला मिळू नये यासाठी हीच मंडळी आड येतात. त्याची बायको जॉइस पियानो शिकविते; समाजात वरच्या पायरीवर चढण्याची तिची हौस एवढी की डुकरीण पळवून आणावयास ती नवऱ्याला भाग पाडते. जनावर घरात येते आणि गिल्बर्टचा हात काही सुरीकडे जात नाही. शिवाय घरात म्हातारी सासू आणि घरभर दरवळणारा वास. मागावर आहे अन्नखात्याचा अधिकारी वर्मोल्ड. पकडलेले बेकायदा मांस तो हिरव्या रंगाने रंगवून टाकतो. हिरव्या रंगाची ही बाब लेखकाची कल्पना नव्हे. खाण्यास अयोग्य ठरलेले मांस पुन्हा विक्रीस येऊ नये म्हणून खरोखरच रंगवीत असत. चित्रपटात गिल्बर्ट झाला होता मायकेल पॅलिन, आणि जॉइस झाली होती मॅगी स्मिथ. २०२४ साली निवर्तलेल्या या थोर नटीला त्या भूमिकेसाठी बाफ्टा पारितोषिक मिळाले होते. डॉक्टर झालेले डेनहोम एलियट आणि सासू झालेल्या लिझ स्मिथ यांनाही ते मिळाले.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. ब्रिटनमध्ये अन्नाचे रेशन ८ जानेवारी १९४० रोजी सुरू झाले. प्रथम खारवलेले डुकराचे मांस, लोणी आणि साखर या तीन वस्तूंवर. मार्चमध्ये इतर मांसाची पाळी आली. मांसाची मोजणी वजनावर नसून किमतीवर होती. आठवड्याला माणशी साधारण एका शिलिंगाचे मांस मिळे. म्हणजे हलक्या प्रतीचे घ्याल तर थोडे जास्त, चांगले घ्याल तर चिमूटभर. जनावरांचा चारा परदेशातून येईनासा झाला आणि देशातील डुकरांची संख्या निम्म्याहूनही खाली उतरली. मग सरकारनेच गावोगाव डुक्करपालनाची मंडळे काढविली. रस्त्याच्या कडेला पिंपे ठेवली. लोकांनी घरातील उष्टेखरकटे त्यांत टाकावे आणि त्यावर डुकरे पोसावी. घरचे डुक्करही मारावयाचे तर परवाना लागे, आणि तो घेणाऱ्याला आपल्या वाट्याच्या रेशनवर पाणी सोडावे लागे. चित्रपटातील डुकरीण हा एवढा मोठा गुन्हा का, ते यावरून ध्यानात यावे.

युद्ध संपले तेव्हा लोकांना वाटले, आता सुटलो. पण ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेने युद्धकाळातील उधारीचा माल एकाएकी बंद केला. ब्रिटनची तिजोरी रिकामी होती. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज काढावे लागले. डॉलर मोजल्याशिवाय अमेरिका-कॅनडाचा गहू येईना. १९४६ साली तर साऱ्या जगातच धान्याचा तुटवडा पडला. जर्मनीचा जो भाग ब्रिटिशांच्या ताब्यात होता तेथील लोकांना जगवावयाचे होते, आणि हिंदुस्थानातही दुष्काळाची छाया होती. अखेर २१ जुलै १९४६ रोजी पावावर रेशन आले. ते २४ जुलै १९४८ पर्यंत टिकले. १९४७ च्या आरंभी भयंकर हिमवर्षाव झाला, कोळसा खाणीतून हलेना, कारखाने बंद पडले. बर्फ वितळले तसे पूर आले आणि बटाटा गेला. त्या वर्षाच्या अखेरीस बटाटासुद्धा मोजून मिळू लागला. आफ्रिकेकडून स्नूक नावाचा डबाबंद मासा आणविला, तो कोणी खाईना. देवमाशाचे मांस आणले, तेही लोकांच्या घशाखाली उतरेना.

अशा वर्षाच्या शेवटी राजघराण्यात लग्न निघाले. वधूच्या पोशाखालाही कुपने लागत होती, कारण कपड्यांचे रेशन मार्च १९४९ पर्यंत चालू होते. देशभरातून मुलीबायांनी आपली कुपने राजकन्येला पाठविली. पण दुसऱ्याचे कुपन वापरणे हा गुन्हा, म्हणून ती सारी परत करावी लागली. राजवाड्यातील भोजनात तित्तिर पक्ष्याचे मांस होते. शिकारीचे पाखरू रेशनमध्ये येत नसे! विवाहाच्या भेटींत गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे एक वस्त्र होते, माउंटबॅटन यांच्या हस्ते पाठविलेले. वधूची आजी राणी मेरी हिने ते पंचा समजून नाक मुरडले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. कुपनावर कापड घेणाऱ्या देशात बिनकुपनाचे कापड आले, तेही अशा माणसाकडून. इतिहासालाही थट्टा कळते.

त्या काळच्या मजूर सरकारचे ब्रीद होते, सर्वांना सारखा वाटा. नाटकात याच अर्थाचे एक पद आहे, आणि ते गाणाऱ्यांच्या तोंडी उपरोध होऊन बसते. तरी न्यायाने बोलावयाचे तर हे ब्रीद निव्वळ पोकळ नव्हते. गर्भवती आणि लहान मुले यांना स्वस्त किंवा फुकट दूध मिळू लागले, संत्र्याचा रस मिळू लागला. मजुरांच्या घरी पूर्वी जे अन्न पोटभर नव्हते ते निदान ठरलेले आणि नेमाने मिळू लागले; बालमृत्यू कमी झाले. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या हातात एकाच प्रकारचे पुस्तक असणे ही इंग्लंडसारख्या देशात लहान गोष्ट नव्हती. पण फटी होत्या. हॉटेलात जेवावयास कुपन लागत नसे. सरकारने जेवणाला पाच शिलिंगांची मर्यादा घातली, तर बडी हॉटेले इतर आकार लावून ती चुकवीत. ज्याच्या खिशात पैसे त्याला दोन वाटे, हे सर्वांना दिसत होते. रांगेत तासन् तास उभ्या राहणाऱ्या गृहिणींनी आपला संघ काढला आणि सरकारला शब्दशः भंडावून सोडले. बेनेट यांच्या चित्रपटाचे नाव म्हणूनच मला अचूक वाटते. वाटा सार्वजनिक, मेजवानी खाजगी.

नाटकाने हे नाव बदलले. समारंभ बाजूला सारून डुकरिणीचे निळे डोळे पुढे आणले. ही अदलाबदल सहज झालेली नाही. बेनेट यांची माणसे मनातले बोलत नाहीत. ती हवामानाविषयी, चहाविषयी, शेजाऱ्यांच्या पडद्यांविषयी बोलतात आणि त्यातून त्यांची भूक आणि त्यांचा मत्सर डोकावतो. संगीत नाटकाला ते परवडत नाही. पद म्हणावयाचे तर पात्राने आपली इच्छा उघड करावी लागते. आपल्या संगीत रंगभूमीवर वाढलेल्या श्रोत्याला हे सांगावयास नको. जॉइस चित्रपटात ओठ घट्ट मिटून जे साधते ते नाटकात ती खड्या आवाजात सांगते, आणि तशी सांगितली की तिची महत्त्वाकांक्षा थोडी क्षम्य वाटू लागते. त्यामुळे नाटक चित्रपटापेक्षा ऊबदार झाले. चित्रपटात अखेरीस डुकरीण मारली जाते आणि पाने वाढली जातात. तो शेवट गिळावयास जड आहे, आणि माझ्या मते चित्रपट नाटकापेक्षा सरस आहे तो त्या जडपणामुळे.

इथे एक घरची आठवण सांगते. आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांतून सणासाठी डुक्कर पाळण्याची चाल जुनी. परसात त्याला पेज आणि भाजीची देठे घालण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. आजीचा एकच नियम होता: त्याला नाव ठेवावयाचे नाही. धाकट्या भावाने एकदा चोरून ठेवले, आणि त्या नाताळात तो पानावर बसला नाही. गिल्बर्टची अडचण आम्हाला समजावून सांगावी लागत नाही.

मात्र वर्गात हा विषय शिकविताना 'सर्वांना' या शब्दाशी मला थांबावे लागते. १९४३ साली लंडनमध्ये वाटे नेमाने मिळत होते. त्याच साली, त्याच राजाच्या राज्यात, बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती. दुष्काळ चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज सुमारे १५ लाख केला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. दिल्लीहून धान्यासाठी पुनःपुन्हा मागणी गेली. लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने मागणीच्या मानाने फार थोडे मंजूर केले. मुंबई शहरात मे १९४३ मध्ये रेशन सुरू झाले होते आणि ते चालले. कलकत्त्याला ते जानेवारी १९४४ मध्ये आले, तोवर खेड्यांतून आलेले लोक फुटपाथवर संपून गेले होते. म्हणजे शिधावाटप ही काय चीज आहे हे राज्यकर्त्यांना ठाऊक होते. आपल्या घरी ते चार वर्षे करीत होते. यॉर्कशायरच्या त्या गावाने हे पाप केले असे मी म्हणत नाही. रांगेतल्या बाईला बंगालची वार्ता कितपत पोहोचली असेल? आणि १९४६ साली तिच्या पावाला जी कात्री लागली तीत हिंदुस्थानची निकड हेही एक कारण होते, हे विद्यार्थ्यांना सांगावयास मी विसरत नाही. दोन्ही साले फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते.

नाटकाला समीक्षकांनी नावाजले. त्याचा काळही जुळून आला होता: शुभारंभानंतर सोळा दिवसांनी, २९ एप्रिल २०११ ला, पुन्हा राजघराण्यात लग्न झाले, आणि सरकार पुन्हा काटकसरीची भाषा बोलत होते. तरी प्रेक्षक पुरेसे आले नाहीत. २४ सप्टेंबरला नाटक बंद पडले. १९४७ च्या रांगा आठवणारे तेव्हा थोडे उरले होते. मांसावरचे रेशन उठले त्याला, ४ जुलै १९५४ ला, तोवर सत्तावन्न वर्षे होऊन गेली होती. पुढे २०१४ साली नाटक लहान शहरांतून फिरले आणि लीड्सलाही गेले, जेथे बेनेट यांचे वडील एके काळी एका शिलिंगाचे मांस तोलून देत असत.