पायरसी आणि लोकगायकाची मिळकत

ध्वनिमुद्रित गाण्याची परवानगीविना प्रत काढून ती विकणे वा वाटणे म्हणजे संगीताची पायरसी. तिची चर्चा बहुधा चित्रपटसंगीताभोवती फिरते. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात मात्र प्रश्न असतो तो शाहीर, भजनी गायक आणि भीमगीते गाणाऱ्या कलावंतांचा. त्यांच्या पाठीशी बडी कंपनी नसते.

शेगावचा गजानन महाराज प्रकटदिन, सिंदखेडराजाचा १२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव, होळीच्या सुमारास भरणारी सैलानीची यात्रा आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती हे या गायकीचे हंगाम. मुख्य मिळकत कार्यक्रमाच्या बिदागीची. कॅसेटच्या काळात छोट्या कंपन्या अशा गायकांना बहुधा एकरकमी मानधन देत. खप वाढला तरी वाटा वाढत नसे. त्यामुळे बनावट कॅसेटने त्यांची रॉयल्टी बुडवली, असे म्हणणे फारसे खरे नाही. ती मुळात नव्हतीच. बुडाली ती पुढची संधी. पहिली कॅसेट अधिकृतपणे खपली नाही, तर कंपनी दुसरी काढायला धजत नसे. पदरमोड करून ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे तर भांडवलच बुडे.

पुढे एमपी३ आले. एका सीडीवर दीडशेच्या आसपास गाणी मावू लागली. त्यानंतर मोबाइल दुकानांतून मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा फोफावला.

फुकट प्रसाराने नाव होते व कार्यक्रम वाढतात, असा युक्तिवाद केला जातो. तो निम्माच खरा आहे. शाहिरी परंपरेत कवीची नाममुद्रा शेवटच्या कडव्यात येते. रिंगटोनसाठी गाणे कापले की पहिला बळी तिचाच जातो. शिवाय जो केवळ लिहितो, मंचावर येत नाही, त्याला वाढलेल्या कार्यक्रमांतून काय मिळणार?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्राने २००९ मध्ये 'व्हिडिओ पायरेट' हा वर्ग स्थानबद्धतेच्या कायद्यात आणला. पण त्याची व्याख्या चित्रपट व चित्रपटाच्या ध्वनिफितीपुरती आहे. शाहिराचा पोवाडा तिच्यात बसत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटबाह्य ध्वनिमुद्रणातही गीतकार व संगीतकाराचा रॉयल्टीचा समान वाटा अबाधित ठेवला. व्यावसायिक वापरासाठी गायकाचा हक्कही मान्य केला. हस्तांतरणाचा करार लेखी हवा. मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. तोंडी व्यवहारावर चालणाऱ्या या क्षेत्रात हे ठाऊक असणे मोलाचे. मात्र धार्मिक समारंभात वा लग्नाच्या वरातीत गाणे वाजवणे कायद्याने उल्लंघन ठरत नाही.

आता गाणी यूट्यूबवर आहेत. तेथे जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी वाहिनीला किमान १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन (किंवा छोट्या चित्रफितींची ठरावीक प्रेक्षकसंख्या) लागते. गायकाचे गाणे दुसऱ्याच्या वाहिनीवर गाजले, तर हे आकडे त्या वाहिनीच्या खात्यात जमा होतात. नक्कल आपोआप हुडकणारी कंटेंट आयडी यंत्रणा मोठा संग्रह असलेल्या हक्कधारकांनाच थेट मिळते. एकट्या कलावंताला प्रत्येक चित्रफितीविरुद्ध स्वतंत्र तक्रार नोंदवावी लागते, नाहीतर वितरक कंपनीला कमाईतला हिस्सा द्यावा लागतो.