कपाळावरचा व्रण

आमच्या तरसालीत काय किंवा बडोद्याच्या इतर भागांत काय, चेहऱ्याची सैल पडलेली त्वचा शस्त्रक्रियेने ताणून घेण्याचा विषय निघाला, की पहिला प्रश्न येतो तो ‘व्रण दिसेल का?’ हा. या प्रश्नाचे एक जुने उत्तर आम्हां मराठी जनांच्या इतिहासातच आहे.

कावसजी हा इंग्रजांच्या सैन्यातील मराठा गाडीवान. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ त्याने तसाच काढला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्यास नवे नाक दिले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ती हकीकत छापली.

कारागिराने प्रथम मेणाचे नाक घडविले, ते सपाट करून कपाळावर ठेविले आणि त्याभोवती रेघ आखली. तेवढीच त्वचा सोडवून, भुवयांमधला देठ शाबूत राखून, त्याने ती खाली वळविली. टाका एकही घातला नाही. काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी कडा जुळवून धरल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापला. कालांतराने कपाळावरचा व्रणही फारसा नजरेत भरत नाही, हे सांगावयास तो वृत्तांत विसरत नाही.

ती हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तीवर पुस्तक लिहिले. इकडे गुजरातेत जुनागढच्या डॉ. त्रिभोवनदास शहा यांनी १८८९ मध्ये अशा शंभर शस्त्रक्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले.

आजचा शल्यविशारद छेद केसांच्या कडेला व कानापुढच्या घडीत लपवितो, आणि ताण त्वचेवर न देता तिच्याखालच्या पडद्यावर देतो. कारण ओढलेल्या कडांचा व्रण रुंदावतो. साधने पालटली, परंतु आधी नीट मोजावे आणि कडा ताणाविना जुळवाव्यात, हा धडा तोच राहिला.

कावसजीचे नाव व चित्र जगभर गेले. त्याला पुन्हा चारचौघांत तोंड दाखविता येईल असे करणाऱ्या त्या कारागिराचे नाव मात्र त्या वृत्तांतात कोणी लिहून ठेविले नाही. पुसावयास हवा असा व्रण, आमच्या मते, तो हाच होय.