जुन्या ट्रकमधली लपवलेली वीज

१९५१ सालचा शेवरोले पिकअप ट्रक डोळ्यांसमोर आणा. गोलसर नाक, पुढे आडव्या पट्ट्यांची जाळी, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. बोनट उघडलं तर आत काळा, नळकांड्यासारखा डायनॅमो, शेजारी कटआउटची चौकोनी डबी आणि सुती वेष्टन घातलेल्या तारा. सगळं कसं त्या काळचं. मग मालक पायानं स्टार्टर दाबतो. इंजिन एका झटक्यात सुरू होतं, दिवे पांढरेशुभ्र लागतात, आणि जाणकार माणूस गालातल्या गालात हसतो. सत्तर वर्षांपूर्वीचा ट्रक इतक्या गुणानं वागत नसतो, हे त्याला ठाऊक असतं. याच्या पोटात काहीतरी नवं दडलेलं आहे.

मित्रहो, आज मला या दडवण्याविषयी बोलायचं आहे. अमेरिकेत जुने ट्रक जपणाऱ्यांमध्ये ही एक कलाच झाली आहे. ती समजायची तर मोटारीत वीज कशी आली, हे थोडं पाहावं लागेल.

सुरुवातीच्या गाड्यांत वीज नावालाच होती. दिवे रॉकेलचे, नाहीतर कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या गॅसचे. इंजिन सुरू करायला समोरून हँडल मारायचं. ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ आला आणि चित्र पालटलं. सेल्फ आला म्हणजे बॅटरी आली आणि बॅटरी भरायला डायनॅमो आला. फोर्डच्या मॉडेल टीला १९१५ साली विजेचे दिवे मिळाले खरे, पण ते इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालत. गाडी वेगात असली की लख्ख उजेड आणि चढावर दम लागला की दिवाही मिणमिणता! म्हणजे अंधारात जिथं जपून जायचं, नेमका तिथंच उजेड कमी.

पुढे बराच काळ सहा व्होल्टचं राज्य होतं. शिसं आणि आम्लाच्या बॅटरीचा एक कप्पा साधारण दोन व्होल्ट देतो. असे तीन कप्पे जोडले की सहा. पण कमी व्होल्टवर तेवढंच काम करायचं तर विजेचा प्रवाह जास्त लागतो. पस्तीस वॅटच्या दिव्याला बारा व्होल्टवर जेमतेम तीन अँपिअर लागतात, तर सहा व्होल्टवर सहा. तारा जाड हव्यात, जोड स्वच्छ हवेत. एखाद्या जोडावर थोडा गंज धरला की दिवा पिवळा पडलाच. इंजिनं मोठी होत गेली, थंडीत सेल्फ कण्हू लागला. शेवटी शेवरोलेच्या ट्रकमध्ये १९५५ साली आणि फोर्डच्या ट्रकमध्ये १९५६ साली बारा व्होल्ट आले. १९६० सालच्या क्रायस्लरच्या व्हॅलियंट मोटारीत डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. डायनॅमो गाडी सावकाश चालली की थकतो, अल्टरनेटर उभ्या गाडीतही बॅटरी भरत राहतो. सिलिकॉनचे छोटे डायोड स्वस्त आणि टिकाऊ झाले, म्हणून हे शक्य झालं.

आता त्या १९५१च्या ट्रकच्या मालकाची अडचण बघा. त्याला ट्रक काचेच्या कपाटात ठेवायचा नाही, चालवायचा आहे. रस्त्यावर बाकीची वाहनं दुप्पट वेगानं धावताहेत. मागच्याला याचा लाल दिवा दिसला नाही तर जिवाशी गाठ. त्यातून जुन्या तारांचं रबर वाळून भुकटी झालेलं, सुती वेष्टन तेलानं भिजलेलं. दोन उघड्या तारा एकमेकींना लागल्या की ठिणगी पडते आणि ठिणगीजवळच पेट्रोल असतं. नवी वीज घालणं ही हौस नाही, गरज आहे. पण नवे भाग उघडे बसवले तर बोनटखालचं ते जुनं जग बिघडतं. म्हणून तो ते लपवतो.

लपवण्याच्या युक्त्या ऐकण्यासारख्या आहेत. डायनॅमोच्या नळकांड्याच्या आकाराच्या खोळीत अल्टरनेटर बसवलेला मिळतो. बाहेरून बघणाऱ्याला तो डायनॅमोच वाटतो. मग कटआउटची डबी रिकामीच राहते. ती काढत नाहीत, तिच्या आत फ्यूज किंवा रिले ठेवतात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखालचे पॉइंट काढून चुंबकाचा इशारा ओळखणारं छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवतात. टोपी तीच, तारा त्याच. नव्या प्लॅस्टिक वेष्टनाच्या तारेवर जुन्या रंगाची सुती वीण चढवून मिळते. फ्यूजची पाटी सीटमागे किंवा डॅशबोर्डखाली जाते. बॅटरीचं काम तर सोपं, कारण या शेवरोले ट्रकमध्ये ती मुळातच केबिनच्या जमिनीखाली असते. रेडिओचा जुना चेहरा तसाच ठेवून आतले व्हॉल्व्ह काढतात आणि आजचं यंत्र बसवतात. आकाशवाणीवर बोलणाऱ्या माणसाला ही शेवटची गंमत जरा जास्तच आवडावी, हे साहजिक आहे.

पण प्रत्येक लपवणूक शहाणपणाची नसते. जुन्या डॅशबोर्डवरच्या अँपिअरच्या काट्यातून गाडीची जवळजवळ सगळी वीज जायची. त्या काट्याची ताकद लहान डायनॅमोपुरती. नवा अल्टरनेटर दुप्पट प्रवाह देऊ लागला की शोभेसाठी तसाच ठेवलेला काटा तापतो आणि आग तिथूनच लागू शकते. दिव्यांचंही तसंच. जुन्या हेडलाईटची काच आणि आरसा तारेच्या बल्बसाठी घडवलेले असतात. त्यात भलत्या आकाराचा एलईडी बसवला तर उजेड रस्त्यावर न पडता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

इथं मला आपला 'रफू' हा शब्द आठवतो. फारसीच्या वाटेनं आलेला आणि मराठीत मुरलेला. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर काश्मिरी शालींच्या दुरुस्तीसाठी नावाजलेले आहेत. चांगल्या रफूची खूण ही, की रफू दिसू नये. जुन्या वृत्तात आजचा शब्द बसवताना आम्ही कवी मंडळीही तेच करू बघतो. पण रफू केलेली शाल नवी म्हणून विकली तर कारागिरी संपते आणि फसवणूक सुरू होते. धागा तोच, हात तोच. फरक फक्त सांगण्या-न सांगण्याचा.

वास्तूंच्या बाबतीत हा वाद फार जुना. १९६४ साली व्हेनिसमध्ये जी सनद झाली तिनं सांगितलं, की नवा भाग मूळ वास्तूशी मिळताजुळता असावा, पण मुळापासून वेगळा ओळखूही यावा. नाहीतर इतिहास खोटा ठरतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१२ साली तुरीन सनद स्वीकारली. तिचा रोखही तोच : बदल कमीत कमी करा, पुन्हा काढता येईल असा करा आणि काढलेला मूळ भाग जपून ठेवा.

आपल्याकडेही हा प्रश्न अगदी परका नाही. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ साली सुरू झाला आणि १९५४ साली बंद झाला. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो ट्रक जुळले. १९५४ साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. आपल्या मिस्त्रींनी हे ट्रक चालते ठेवले, पण दुरुस्ती लपवायची गरज त्यांना वाटली नाही. जी तार मिळाली ती जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली, गाडी रस्त्यावर. ट्रक पोटासाठी होता, प्रदर्शनासाठी नव्हता. म्हणून बहुतेक ट्रक शेवटी भंगारात गेले. जे थोडे उरले ते आता मोलाचे झाले आहेत. २०२१ साली केंद्र सरकारनं खाजगी वापराच्या, पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, ही त्यातली अट. तारांचा तिथं उल्लेख नाही. तिथला प्रामाणिकपणा मालकावर सोडला आहे.

तो का पाळायचा, याचं एक साधं कारण सांगतो. त्या काळच्या फोर्ड ट्रकमध्ये बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असे. अशा ट्रकमध्ये कुणी बारा व्होल्टचा अल्टरनेटर लपवला आणि आजच्या पद्धतीप्रमाणे ऋण बाजू सांगाड्याला जोडली. दहा वर्षांनी ट्रक दुसऱ्याच्या हाती गेला. नव्या मिस्त्रीनं जुनं पुस्तक उघडलं, समोर डायनॅमो दिसला, पुस्तकाप्रमाणे बॅटरी जोडली. अल्टरनेटरमधले डायोड त्याच क्षणी जळतात, आणि जाड तार लाल व्हायलाही वेळ लागत नाही. त्या मिस्त्रीची चूक काय? त्यानं डोळ्यांवर विश्वास ठेवला, एवढीच.

म्हणून जुन्या ट्रकचं काम करणाऱ्या शहाण्या माणसानं शेवटी एक कागद करावा. कोणती तार कुठून कुठं जाते, काय काढलं, काय घातलं, कोणत्या वर्षी घातलं, सगळं लिहावं आणि तो नकाशा गाडीतच ठेवावा. काढलेला डायनॅमो तेल लावून फडताळात ठेवावा. नव्या यंत्राच्या खालच्या अंगाला छोटी पट्टी लावावी. पाहणाऱ्याला जुनं जग पाहू द्यावं, पण जो हात घालणार आहे त्याला खरं कळलं पाहिजे. नजरेपासून लपवलं तर ती कारागिरी. कागदापासूनही लपवलं तर पुढच्या माणसाच्या वाटेत ठेवलेला तो सापळा.