छावणीचा इतिहास आणि सूचींची साक्ष

‘छावणी’ हा शब्द मनात धरून एखादा विद्यार्थी पेशवेकालीन कागदपत्रांच्या छापील खंडांची सूची चाळू लागला, तर पावसाळ्यात फौजेने एका जागी केलेल्या मुक्कामांचेच उल्लेख त्याच्या हाती येतील. खाम नदीपलीकडे, औरंगाबाद शहराच्या पश्चिमेस वसलेली छावणी त्यास तेथे भेटणार नाही. एवढ्यावरून या वस्तीच्या इतिहासास साधने नाहीत, असे मानणे म्हणजे सूचीचे मौन हीच इतिहासाची साक्ष समजणे होय.

सूची ही दप्तराची असते आणि दप्तर सत्तेचे असते. १८५३ च्या तहान्वये हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला; फौजेवरील हुकमत मात्र इंग्रजांची होती. त्यामुळे नदीच्या एका तीरावरील शहराचे कागद निजामाच्या दप्तरात, तर दुसऱ्या तीरावरील छावणीचे कागद मुख्यतः हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या व हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याच्या दप्तरांत गेले. ही दप्तरे आता दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. म्हणून छावणीचा शोध ‘औरंगाबाद’ या शीर्षकाबरोबरच ‘हैदराबाद’ आणि ‘कंटिंजंट’ या शीर्षकांखालीही घ्यावा लागतो.

स्थलनामाची अडचण याहून जुनी आहे. मोगल कागदपत्रांत हे शहर ‘खुजिस्ता बुनियाद’ या नावाने येते. त्यापूर्वीची नावे खडकी व फत्तेनगर. २०२३ पासूनचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर. औरंगाबादेतील मोगल दप्तर पुढे हैदराबादेस नेण्यात आले. त्यातील शाहजहानकालीन निवडक कागद १९५० मध्ये डॉ. यूसुफ हुसेन खान यांनी प्रसिद्ध केले. जुन्या नावांचा परिचय नसलेल्या अभ्यासकास असल्या संग्रहांची सूची हाती असूनही उपयोगी पडत नाही.

भाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. शंकर गणेश दाते यांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केलेल्या ‘मराठी ग्रंथसूचि’चा १८०० ते १९३७ या काळाचा भाग १९४३ मध्ये व पुढील १९५० पर्यंतचा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी ग्रंथांच्या अभ्यासकास तिच्यावाचून गत्यंतर नाही. परंतु हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मौलवी अब्दुल हक यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय अनेक वर्षे औरंगाबादेतच होते. तेव्हा केवळ मराठी सूचीवरून मराठवाड्याच्या बौद्धिक जीवनाचे मोजमाप करणे हा त्या सूचीवरही अन्यायच होईल.

याची कसोटी १८५७ च्या प्रसंगावर पाहता येते. त्या वर्षी जून महिन्यात कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळाने येथे बंड केले व पुण्याकडून आलेल्या जनरल वुडबर्नच्या फौजेने ते मोडले. या घटनेचा शोध फारसी-उर्दू कागदांत हिजरी १२७३ या सनाखाली, मराठी कागदांत शके १७७९ खाली, तर इंग्रजी कागदांत लष्करी खात्याखाली घ्यावा लागेल. फसली सनाच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. तो मूळचा मृगारंभी बदलणारा, पण हैदराबाद संस्थानात पुढे आजर महिन्यापासून मोजला जाऊ लागला. हैदराबादेतील स्वातंत्र्यलढ्याच्या सरकारी समितीने १९५६ पासून प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी खंडांपैकी पहिला १८०० ते १८५७ या काळाचा आहे. आरंभ तेथून करणे सोयीचे. तथापि शिक्षा देणाऱ्यांच्या कागदांत शिपाई ‘बंडखोर’ म्हणून येतो आणि सूचीकारही पुष्कळदा तोच शब्द उचलतो, याचे भान सुटू देऊ नये.

तात्पर्य, संशोधकाने सूची उघडण्यापूर्वी चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : त्या काळचा अंमल, त्या काळची नावे, कागदांची भाषा आणि कालगणना. नोंद आढळली नाही, तर ‘घटना घडली नाही’ असे न लिहिता, कोणत्या सूचीत कोणत्या शब्दाखाली शोध घेतला ते लिहावे. छावणीपुरती का होईना, अशा परस्परनिर्देशांची एक स्थानिक सूची विद्यार्थ्यांनी तयार केली, तर पुढील अभ्यासकाचे कित्येक महिने वाचतील. आणि ज्यांची नावे आज कोणत्याच शीर्षकाखाली सापडत नाहीत, त्यांनाही इतिहासात जागा मिळेल.